गयामावशींपुढे कबुली

गयामावशींच्या घरात कुणालाही उभ्या उभ्या गुन्हा कबूल करता येत नाही. आधी बसायचं, पाणी प्यायचं, समोर येईल ते खायचं आणि मग थोडा वेळ गप्प राहायचं. एवढं सगळं होऊनही तुम्हाला कबूल करावंसं वाटलंच, तर मावशी ऐकून घेतात. कुणी धापा टाकत, रडत सांगायला लागलं की त्या हात वर करतात आणि म्हणतात, "दम घे. कबुली काय पळून चाललीय व्हय?"

वलवणला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. माझं लोणावळ्याच्या बाजारात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. मावशी तालुक्याच्या कोर्टात शिपाई होत्या, तीस वर्षं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अंगातलं कोर्ट काही उतरलेलं नाही.

एखादा आरोपी न्यायाधीश साहेबांपुढे कबुली द्यायला आला, की तो मावशींचा खास दिवस असायचा. आधी पोलिसांना बाहेर काढायचं. दार लावायचं. मग साहेब त्याला सांगायचे, की बाबा, कबुली द्यायची तुझ्यावर सक्ती नाही, दिलीस तर तुझ्याच विरुद्ध वापरली जाईल. कुणी मारलं का, दम दिला का, सोडवतो म्हणून सांगितलं का. मग त्याला विचार करायला वेळ मिळायचा. त्या वेळात पाण्याचा ग्लास नेऊन द्यायचं काम मावशींकडे. "पोलिसाफुडं दिल्याली कबुली कोर्टात चालत न्हाई," हे वाक्य त्या अशा थाटात सांगतात, की ही सुधारणा जणू त्यांनीच डबा खाता खाता साहेबांना सुचवली असावी.

त्यांच्या मते दबाव तीन तऱ्हेचा असतो: भीती, आमिष आणि भूक. पहिले दोन कायद्यात आहेत. तिसरा मावशींनी घातलेला. उपाशी माणूस भाकरी दाखवली की खूनसुद्धा कबूल करतो, असं त्यांचं म्हणणं. ग्लास ठेवताना माणसांचे हात त्यांनी तीस वर्षं बघितले होते, त्यामुळे यावर त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना मावशींच्या ओट्यावरची लोणच्याची बरणी फुटली. माझ्या बायकोनं मुलीचा कान धरला आणि तिला शेजारी नेलं, "सांग मावशींना काय केलंस ते," म्हणत. मावशींनी मुलीचा कान सोडवला आणि बायकोला अंगणात उभं केलं. पोलिसांनी बाहेर थांबायचं असतं, एवढं सांगून दाराला कडी घातली. बायको पाऊण तास बाहेर. आत मुलीनं दोन बशा पोहे खाल्ले, थोडी लोळली, आणि मग शांतपणे जबाब दिला, की बरणी मांजरानं फोडली. बायको म्हणाली, अहो मावशी, आपल्या आळीत मांजरच नाही. मावशी म्हणाल्या, "तिनं सांगितलं ते मी ऐकलं. खरं-खोटं ठरवणं साहेबांचं काम. मी शिपाई."

चार दिवसांनी मुलगी आपण होऊन गेली आणि खरं काय ते सांगून आली. कुणी विचारलं नव्हतं. बायकोला ते अजून पटलेलं नाही, पण तेव्हापासून आमच्या घरात कान धरणं बंद झालं.

मोबाइलनं त्यांना फार छळलं. कुठलंही अॅप उघडलं की 'मला मान्य आहे' असं बटण येतं. मावशींनी ते कधी लगेच दाबलं नाही. विचार करायला एक दिवस घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर पान गायब झालेलं असायचं. बँकेच्या ओटीपीवर तर त्यांचा कायमचा राग. तीस सेकंदांत सांगा म्हणतो हा कोण, असं त्यांनी बँकेतल्या मुलाला विचारलं. खुनाच्या आरोपीलासुद्धा कोर्ट यापेक्षा जास्त वेळ देतं.

आमच्याच आळीतल्या एका मुलीचं बघणं होतं, तेव्हाची गोष्ट तर सगळ्या वलवणला ठाऊक आहे. पाहुणे आले, पोहे झाले, मुलीला विचारलं मुलगा पसंत आहे का, ती मान खाली घालून "हो" म्हणाली. मावशी विहारातल्या ओळखीनं तिथं आल्या होत्या. त्यांनी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना ओट्यावर काढलं. लोक इतके गोंधळले, की खरंच उठले. अर्ध्या तासानं मावशी बाहेर आल्या आणि निकाल सांगितला: मुलीला अजून शिकायचंय, आणि मुलाचं कामशेतच्या एका मुलीवर मन आहे. दोन्हीकडच्या मंडळींनी मावशींशी बोलणं सोडलं. मुलगी आता नर्स आहे, आणि त्या मुलाच्या लग्नाची पत्रिका मावशींना सगळ्यात आधी आली.

तर अशा मावशींच्या शेजारी राहूनही एके दिवशी मी व्हायचा तो मूर्खपणा केलाच.

पवनानगरच्या एका कॅम्पचा मॅनेजर दुकानात आला. धरणाच्या काठावर तंबू लावून पाहुणे ठेवतात, तसला कॅम्प. म्हणाला, आमच्याकडे लता म्हणून स्वयंपाकाची बाई आहे, तिनं पाहुण्यांची अंगठी चोरली, तिचा कबुलीनामा टाइप करायचाय. गावात बोभाटा नको म्हणून लोणावळ्यापर्यंत आलो. त्यानं दोन ओळी सांगितल्या. बाकीचं मी माझ्या पदरचं घातलं: 'मी खाली सही करणार, सदरहू कॅम्पवर स्वयंपाकाचे काम करीत असून, सदरहू अंगठी मी स्वखुशीने चोरली आहे, व ही कबुली मी कोणाच्याही दबावाखाली न येता देत आहे.' 'स्वखुशीने' शोभून दिसेल असं मला वाटलं.

संध्याकाळी मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी कौतुकानं सगळं सांगितलं. त्यांचाच विषय, म्हटलं खूश होतील. त्यांनी विचारलं, बाई सोबत होती का? मी म्हटलं, नाही. मग ती काय बोलली ते तुला कुणी सांगितलं? मॅनेजरनं. मावशींनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"म्हंजे बाई बोलायच्या आदीच कबुली छापून झाली," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझं दुकान बंद राहिलं. कामशेतला उतरून आम्ही पवनानगरची जीप धरली. मावशींनी कोर्टात नेसून जायच्या तसली कडक इस्त्रीची साडी नेसली होती, हातात डबा.

कॅम्पवर पाण्याकडेला रंगीत तंबू होते, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि ऑफिस म्हणून एक पत्र्याची खोली. टेबलावर माझा कागद, उडू नये म्हणून त्यावर स्टीलचा ग्लास. शेजारी लता उभी. तिशीची असेल. सकाळपासून उभीच होती. सही कर आणि घरी जा, काही होणार नाही. नाहीतर पोलीस तुझ्या सासरच्या दारात आणतो, असं तिला सांगून झालं होतं. तिनं अजून सही केली नव्हती, पण पेन हातात घेतलेलं होतं.

"मी कोर्टात असते," मावशी म्हणाल्या. ते अगदीच खोटं नव्हतं, फक्त सहा वर्षं जुनं होतं. मॅनेजर उठून उभा राहिला. मावशींनी त्याला त्याच्याच ऑफिसातून बाहेर घालवलं. दार लोटलं. लताला खुर्चीवर बसवलं, डबा उघडला, आणि स्वतः खिडकीतून धरण बघत बसल्या. लतानं चपाती-मेथी खाल्ली. हळूहळू तिचे खांदे खाली आले. मी घड्याळ बघत होतो, वीस मिनिटं मावशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मग त्यांनी कागद हातात घेतला.

"सदरहू म्हंजे काय गं?"

लतानं माझ्याकडे बघितलं. "ठावं न्हाई."

"आन् स्वखुशीनं?"

"त्येबी न्हाई."

"मंग ज्याचा अर्थ ठावं न्हाई, त्ये तू बोललीस कसं?"

"मी न्हाई बोलले, मावशी," लता म्हणाली. "मी कायबी बोलले न्हाई. अंगठी मी डोळ्यानं बघितलीबी न्हाई. लय येळ उभी होते, मला वाटलं सही केली की घरी जाता येईल."

मावशी माझ्याकडे वळल्या. हे शब्द कुणाचे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझे.

"मंग अंगठी तू चोरलीस," मावशी म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. लता पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि मग मलाही आवरेना.

मॅनेजरला आत घेतलं तेव्हा तो पोलिसांचं नाव काढून बघायला लागला. मावशींनी आनंदानं परवानगी दिली. पोलीस येतील, पाहुण्यांना विचारतील, तंबूंची झडती घेतील, पंचनामा करतील, आणि ही बाई किती तास उभी होती तेही लिहून घेतील, असं त्यांनी क्रमानं सांगितलं. मॅनेजरनं फोन खिशात ठेवला. त्यातून तो शनिवार होता, पस्तीस पाहुणे यायचे होते, आणि तांदळाची भाकरी लताशिवाय कुणाला येत नव्हती. थोडा गैरसमज झाला, असं तो पुटपुटला. गैरसमजाचा कागद मावशींनी मला फाडायला लावला, अगदी बारीक. अंगठी आजपर्यंत सापडलेली नाही. लता अजून तिथंच स्वयंपाक करते, आणि मॅनेजर तिला लताताई म्हणतो.

परतीची जीप भरेपर्यंत सुटणार नव्हती. ड्रायव्हर अजून दोन माणसांची वाट बघत होता. आम्ही बाहेर एका दगडावर बसलो. मी फार खुशीत होतो. मावशींना म्हटलं, तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं. त्या हसल्या नाहीत. धरणाकडे बघत बोलायला लागल्या.

त्यांचे यजमान लवकर गेले. नोकरी नवी होती, मुलगा मिलिंद बारा वर्षांचा. शेजारणीचं घड्याळ हरवलं आणि ती म्हणाली, तुझा पोरगा आला होता घरात. मावशी दमून आल्या होत्या. त्यांनी लाटणं घेतलं. मिलिंद आधी नाही नाही म्हणत होता. मग घेतलं म्हणाला. कुठं ठेवलं ते काही त्याला सांगता येईना, म्हणून आणखी मार बसला.

"दिवसभर कोर्टात ऐकत हुते," मावशी म्हणाल्या, "कुणी मारलं का, कुणी दम दिला का. आन् घरी येऊन मीच."

महिन्याभरानं घड्याळ शेजारणीच्याच पेटीत, स्वेटरच्या घडीत सापडलं. तिनं हसत हसत येऊन सांगितलं. मावशींनी मिलिंदला सांगितलं नाही. आधी लाज वाटली, मग तो हॉस्टेलवर गेला, मग नोकरी, लग्न. आता नाशिकला कारखान्यात सुपरवायझर आहे. दर रविवारी फोन करतो, औषधं घेतलीस का विचारतो. पण येणं फार नाही, आणि आला तरी उभ्या उभ्या जातो.

त्याला आठवत असेल का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, ठाऊक नाही, कधी विचारलंच नाही. मी म्हटलं, मग आता सांगा. तेवढ्यात दोन माणसं आली, जीप भरली, आम्ही निघालो.

पुढच्या आठवड्यात मावशींनी घराची किल्ली माझ्या बायकोकडे दिली. दोन दिवस नाशिकला जाऊन येते म्हणाल्या. दोनाचे चार झाले, चाराचे आठ. बायको तुळशीला पाणी घालून कंटाळली. अकराव्या दिवशी दारात गाडी थांबली. मिलिंद स्वतः सोडायला आला होता, आणि बॅग बघता तोही लगेच जाणार नव्हता.

संध्याकाळी तो आमच्याकडे चहाला आला. चाळिशी ओलांडलेला, कानाजवळ पांढरे केस, हसू मात्र थेट मावशींचं. मी काही विचारलं नाही. त्यानंच कप खाली ठेवला.

"आईनं सांगितलं घड्याळाचं," तो म्हणाला. "सतीशभाऊ, इतकी वर्षं मला वाटायचं, मीच घेतलं असणार. घेतलं, घेतलं असं इतक्यांदा बोललो होतो, की पुढं मला ते खिशात घातल्याचं आठवायलाही लागलं. कुठं ठेवलं तेवढंच आठवेना. तीस-पस्तीस वर्षं शोधत होतो."

सांगताना तो हसत होता, आणि डोळे पुसत होता. तेवढ्यात शेजारून मावशींनी हाक मारली, मिल्या, गॅसची टाकी बदलून दे रे. "आलो आई," म्हणत तो उठला, आणि तेवढा मोठा माणूस चपला न घालताच दोन दोन पायऱ्या टाकत पळत गेला.