अकरा घोड्यांचा कोच

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमची काळजी वाटेल. आपल्या बाळीवेशीतल्या एका लग्नात नवरदेवाच्या बग्गीवर अमेरिकेतला गोरा साहेब गाडीवान म्हणून बसला होता. नुसता बसला नाही, ते लग्न त्यानंच लावलं.

"लावलं व्हय? जंगमाची झोळी कुणी दिली त्याला?" ओट्यावरनं श्रीमंतनं पहिला खडा टाकला. श्रीमंत आमचा शेजारी. तेलाच्या घाण्याचा बैल दुपारी थांबतो, याची जीभ थांबत नाही.

"ऐक की जरा. आणि हळू बोल. आत आमची मंडळी शेंगा फोडतीय."

सन अठ्ठावीस-एकोणतीस असेल. गुरुबसप्पा अडत्याच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मुलगा अक्कलकोटचा. मुलाचा बाप चनमल्लप्पा हुंडा-बिंडा काही मागत नव्हता, पण त्याची एक अट होती. त्या काळी बग्गीला आपल्याकडे कोच म्हणायचे. चनमल्लप्पाच्या भावकीतलं एक पोरगं मागल्या साली कोचातून मिरवलं होतं, ते त्याच्या पोटात दुखत होतं. "आमचं पोरगं टेसनावरनं कोचातनंच येनार," त्यानं बजावलं होतं. "आनि वर तुरेवाला कोचमन पायजे. न्हायतर आलेल्या गाडीनं आमी माघारी!"

गुरुबसप्पाकडे कोच होता. चिन्नी नावाची घोडी होती. येडू नावाचा गाडीवानही होता. पण आदल्या दिवशी आहेराचा पटका रेशमी नसून सुती निघाला, म्हणून येडू रुसून करकंबला बहिणीकडे निघून गेला. मांडवात एकच बोंब झाली. गुरुबसप्पानं मुकुंद मास्तरांना धरलं, कारण भानगड निस्तरायला इंग्रजी शिकवणारा माणूस बरा, अशी आपल्या लोकांची जुनी समजूत.

"मास्तर, कुटनं बी एक कोचमन हुडका. वराड माघारी गेलं, तर माझ्या लेकीला पुन्ना कोन इचारनार?"

मास्तर कोच घेऊन स्टेशनवर गेले. म्हणजे चिन्नीला लगामाला धरून, स्वतः पायी. गाडी येऊन लागलेली. वऱ्हाड नळावर तोंडं धूत होतं. आणि फलाटाच्या टोकाला, ट्रंकेवर एक धिप्पाड गोरा बसला होता. बैलासारखी मान, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी आणि काखेत चामड्याचा कोहळा. मिशनच्या दवाखान्यात त्याची बहीण डॉक्टरीण होती. ती न्यायला आली नव्हती, म्हणून बिचारा वाट बघत होता. नाव हॅलिगन. पुढे पेठेनं त्याचं हलगीसाहेब केलं.

"आपण कोण, साहेब?" मास्तरांनी इंग्रजीत विचारलं.

"कोच."

मास्तर दोन पावलं मागे सरकले. "म्हणजे, कोचमॅन?"

"मॅन म्हणा, काहीही म्हणा. जन्मभर कोच. दुसरं काही येत नाही मला."

"सध्या मोकळे आहात?"

साहेबाचा चेहरा पडला. "वर्ष झालं. कुणी बोलावतच नाही."

"आम्ही बोलावतो! आत्ता, ताबडतोब!"

साहेब ताडकन उठला. "समोर कोण आहे?"

"समोर?" मास्तरांनी नळाकडे बघितलं. "अक्कलकोटचं वऱ्हाड आहे."

"दांडगे आहेत?"

"फारच दांडगे."

"हरकत नाही," साहेब म्हणाला आणि बाह्या सारून चालू लागला.

आता खरी गोष्ट अशी, की अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या उस्तादाला कोच म्हणतात. नावाला फुटबॉल. बॉल काखेत मारायचा, पळायचं, आणि आडवा येईल त्याला पाडायचं. तो काखेतला कोहळा म्हणजे तोच बॉल. पण हे तेव्हा सोलापुरात कुणाला ठाऊक? कोच म्हणजे गादी, चाकं आणि पुढे घोडी.

गोरा कोचमन बघून चनमल्लप्पाचा आ वासला. तुरा मागितला होता, साहेब मिळाला! सगळा हिंदुस्थान ज्यांची गाडी ओढतोय, त्यातलाच एक आपली गाडी हाकणार! अमेरिकेचा वेगळा आणि विलायतेचा वेगळा, एवढा हिशेब त्या वेळी कोण करतो? त्यानं मिशांना पीळ दिला आणि मास्तरांना साहेबाशेजारी बसवलं. मागे नवरदेव बाशिंग सांभाळत पसरला. "आप्पा, उकडतंय," तो म्हणाला. चनमल्लप्पा उपरण्यानं त्याला वारा घालू लागला.

"मास्तर, इचारा की. आदी कुटं हुता चाकरीला?"

"चार कॉलेजांत," साहेबानं सांगितलं.

"कालेजाला कोच असतोय?"

"कोचाशिवाय कॉलेज चालेल कसं?" साहेबालाच नवल वाटलं. "प्रोफेसरांची नावं लोक विसरतात, कोचाचं विसरत नाहीत. पगारसुद्धा प्रिन्सिपॉलपेक्षा जास्त असतो."

चनमल्लप्पानं वारा घालायचा थांबवून मुलाकडे बघितलं. "आनि तुला म्या मॅट्रिकला बसिवला!"

"हाताखाली किती असायचे?" मास्तर विचारत होते.

"एका वेळी अकरा."

"अकरा घोड्यांचा कोच!" मास्तरांनी भाषांतर केलं, तसे मागून चालणारे वऱ्हाडी पुढे धावले. ज्याला त्याला ऐकायचं होतं.

"चाबूक लई लागत आसंल?"

"चाबूक? कधीच नाही. मी नुसता ओरडतो. कधीकधी रडतात बिचारे. अभ्यासात कच्चे, पण पळायला पक्के."

"घोडी रडत्यात म्हनं," एक म्हातारा गहिवरला. "मानूस देवगुनी दिसतोय."

"मग पहिलं कॉलेज सोडलं का?"

साहेबानं सुस्कारा टाकला. "हरलो. फायर केलं मला."

मास्तर पांढरे पडले. "गोळी घातली म्हणतोय."

"अय्यो! आनि दुसऱ्यानं?"

"दोन वर्षं जिंकलो, तिसऱ्या वर्षी हरलो. फायर. तिसऱ्या कॉलेजात मात्र सारखा जिंकत होतो, म्हणून चौथ्यानं मला पळवून नेलं."

"आनि चौथ्यानं?"

"फायर."

"तीन गोळ्या खाऊन जित्ता!" चनमल्लप्पानं चालत्या गाडीत हात जोडले. "वर पुन्ना त्येच काम करतोय!"

"म्हंजी कसं?" श्रीमंतला राहवेना. "हरली पोरं, आनि चाकरी गेली उस्तादाची? आमच्या साळंत सालोसाल पोरं नापास हुत्यात, हेडमास्तर खुशाल पेन्शनीत गेला की!"

"तेच तर नवल. हरलेल्याला हाकलायचं, आणि त्यालाच दुसऱ्यानं हार घालून न्यायचं. आपल्याकडे हे फक्त बैलांचं होतं."

"ते ऱ्हाऊ द्या. गाडी कोन हाकत हुतं?"

"कुणीच नाही. चिन्नीला घर ठाऊक होतं. साहेबानं लगाम हातात असा धरला होता, जसा आपण दुसऱ्याचं तान्हं पोर धरतो."

तर कोच बाळीवेशीतल्या बोळात शिरला. बोळ असा, की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जावं लागे. शेवटच्या टोकाला गुरुबसप्पाचा मांडव. आणि नेमकं त्या टोकाकडून दुसरं वऱ्हाड वाजत आलं. ते वैरागचं. त्यांचा मांडव बोळाच्या अलीकडच्या तोंडाला. मुहूर्त एकच. तिकडचा नवरदेवही तसाच, बाशिंगानं आणि फुलांच्या मुंडावळ्यांनी तोंड झाकलेला, फक्त पायी.

"मागं व्हा!" चनमल्लप्पा ओरडला.

"तुमी व्हा की! लगीनघरला निघालेलं वराड मागं पाऊल घेत न्हाय. अपशकुन असतोय."

"मग आमचं काय बाराव्याला निघालंय व्हय?"

दोन्हीकडची माणसं छातीला छाती लावून उभी राहिली. वाजंत्री थांबली. तिकडे मांडवाच्या दारात गुरुबसप्पा कपाळ बडवून घेत होता. अक्षतांची वेळ टळली, की लग्न मोडल्यातच जमा.

साहेब बग्गीवर उभा राहिला. समोर दोन रांगा, मध्ये वीतभर जागा. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. वर्षानं त्याला मैदान दिसत होतं! त्यानं खाली उडी मारली आणि अक्कलकोटकरांतली अकरा माणसं निवडली. पोटं असलेली पुढे, पाय असलेली मागे. काठीनं धुळीत गोल आणि फुल्या काढल्या. बायकांना वाटलं, साहेब रांगोळी घालतोय. एकीनं त्यावर हळदकुंकू वाहिलं.

"साहेब म्हणतायत," मास्तर ओरडून सांगत होते, "नवरदेव काखेत घ्या. खाली टाकायचा नाही, थांबायचं नाही, मांडवाच्या रेषेपलीकडे नेऊनच ठेवायचा!"

शिट्टी वाजली. हलगीवाल्याला वाटलं आपल्यालाच खूण, त्यानं हलगी सोडली. मग काय विचारता! पोटं पोटांवर आपटली, पगड्या उडाल्या, सनई एकीकडे आणि सनईवाला दुसरीकडे. धुळीतून एक बाशिंग काखेत मारून अकरा जण सुसाट निघाले, ते थेट गुरुबसप्पाच्या मांडवात. नवरदेव पाटावर ठेवला. जंगमानं मंत्र उरकले. अक्षता पडल्या. साहेबानं दोन्ही हात आभाळाकडे केले.

आणि मग बाशिंग वर झालं.

"ह्यो कोन?" चनमल्लप्पा किंचाळला.

तो वैरागचा होता. धुळीत अकरा जणांनी हाताला लागलेला उचलला होता. अक्कलकोटचा तसाच ढकलला जाऊन वैरागकरांच्या मांडवात पोचला होता, आणि तिकडेही अक्षता पडल्या होत्या. पडलेल्या अक्षता काही वेचून परत पिशवीत भरता येत नाहीत.

"काडून टाका ह्या कोचमनला!"

"काय म्हणतात?" साहेबानं विचारलं.

मास्तरांना आता तो शब्द चांगला ठाऊक झाला होता. "फायर," ते हळूच म्हणाले.

साहेबानं मान डोलावली, कोहळा काखेत मारला आणि बहिणीच्या दवाखान्याकडे चालू लागला. म्हणतात, जाताना तो शीळ घालत होता. निदान एकदा तरी बोलावणं आलं होतं.

"आसं," श्रीमंत डोळे बारीक करून म्हणाला. "आनि ह्यात तुमी कुटं हुता?"

"मी?" मी म्हटलं. "मी त्या अकरा जणांच्या काखेत."

आतला शेंगा फोडल्याचा आवाज थांबला.

"खोटं!" दारात आमची मंडळी उभी, ओच्यात टरफलं. "साफ खोटं! कसला गोरा आनि कसली काख? बोळात समदी भांडत हुती, तवा तुमी बाशिंग वर सारून गल्लीभर इचारत हुता, 'मांडव कंचा, मांडव कंचा?' मी नवरी, माडीवरनं बघितलं की. त्यो अक्कलकोटचा कोचात बसून बापाकडनं वारा घेत हुता. म्हटलं, ह्या वारा घेनाऱ्यापरीस वाट चुकल्याला बरा. 'ह्यो मांडव' म्हनून बोट मी दावलं. माझं काम त्या गोऱ्याच्या नावावर कशाला घालताय?"