तीनशे स्मॅश

तीनशे स्मॅश आपण स्वतःच मारायचे, असं सरांनी एका सकाळी चहाचा कप बशीत ठेवता ठेवता ठरवलं. ठरवलं ते अर्थातच रागाच्या भरात. निवृत्त झाल्यापासून सर सगळंच रागाच्या भरात ठरवत, कारण राग नसला की त्यांना शंका येत. (हा आजार जुना. आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात एकशे बाराव्या पानावर वजाचं चिन्ह हवं होतं की अधिकचं, या विचाराने ते चाळीस वर्षं अधूनमधून दचकत आले होते.)

या खेपेला राग आला होता तो लेकीच्या ऑफिसातल्या पोरांचा. लेक एका लहानशा कंपनीत व्हिडिओ गेम बनवायची. हिच्यासकट सहा माणसांची टोळी आणि हीच त्यांची मुकादम. अकरा महिने खपून त्यांनी बॅडमिंटनचा गेम केला होता. त्यात बटणं दाबत बसायचं नाही. एक वीतभर दांडी हातात धरायची, तिला म्हणायचं कंट्रोलर, आणि खरंच खेळल्यासारखा हात फिरवायचा. टीव्हीतला खेळाडू तसाच हात फिरवतो. पण स्मॅश कशाला म्हणतात हे मशीनला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी एका माणसाने कंट्रोलर धरून तीनशे स्मॅश मारायचे, की मशीन ठरवणार, यापुढे जगात कुणीही असा हात हलवला तर तो स्मॅश.

पोरांनी मारलेल्या स्मॅशचा व्हिडिओ लेकीने चहा पिताना दाखवला आणि सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही काय जळमटं काढताहेत, असं ते म्हणाले. छत्तीस वर्षं आपण गतिशास्त्र शिकवलं, कॉलेजात असताना बॅडमिंटनची ढाल जिंकली (अंतिम सामन्यात समोरच्याला ताप होता, पण ते अलाहिदा), आणि पोटच्या पोरीने स्मॅश शिकवायला आणावं कुणाला, तर ज्यांना रॅकेट आणि झाडू यातला फरक कळत नाही अशांना.

"बाबा, तीनशे म्हणजे खूप होतात," लेक म्हणाली. "खांदा झेपेल?"

खांद्याचं नाव काढायचं काम नाही, असं सरांनी तिला ठणकावलं. ते इतकं जोरात, की तिने पुढे काही विचारलंच नाही. तिला तेवढा वेळही नव्हता. शुक्रवारी गेम चालवायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा तपासनीस येणार होता. त्याने गेम पास केला तर गेम दुकानात जाणार. नाही केला तर सहाच्या सहा जणांनी आपापली टेबलं आवरून घरी जायचं, हे मालकाने आधीच सांगून ठेवलं होतं. तिने कंट्रोलर आणि लॅपटॉप सरांच्या स्वाधीन केले. हिरवं बटण दाबलं की नोंद सुरू, लाल दाबलं की बंद, मधल्या काळात हाताचा जो मोठा झटका बसेल तो स्मॅश म्हणून मोजला जाईल, एवढं समजावून ती गेली.

सरांनी जागा केली. म्हणजे सोफा ढकलत ढकलत स्वयंपाकघराच्या दाराला नेऊन टेकवला. परिणामी त्यांच्या पत्नीला चहा टाकायचा म्हटला तरी झोपण्याच्या खोलीतून, कपडे वाळत घालायच्या गॅलरीतून, ओल्या चादरींच्या खालून वाकून जावं लागू लागलं. कंट्रोलरचा पट्टा सरांनी मनगटाला दोनदा गुंडाळला, तिसऱ्यांदा तपासला, आणि हिरवं बटण दाबलं.

पहिले चाळीस स्मॅश देखणे होते. एक्केचाळिसाव्याला खांद्यात काहीतरी कट्‌ झालं आणि सरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

खरी गोष्ट अशी, की चार महिने झाले, सरांचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. भांग ते डाव्या हाताने पाडत होते आणि तो वाकडा आला की वाऱ्यावर ढकलत होते. चाळीस स्मॅश निघाले ते निव्वळ संतापाच्या बळावर. आता संतापही पुरेना.

"अहो, पुरे झालं," गॅलरीच्या दारातून पत्नी म्हणाली. तिच्या खांद्यावर ओला टॉवेल होता. "लेकीला सांगा, जमत नाही म्हणून."

"कोण म्हणतं जमत नाही?"

"तुमचा भांग म्हणतो."

यावर जे पेटलं ते दुपारी एकपर्यंत विझलं नाही. खांदा दोन मिनिटांत मागे पडला. मग सोफा आला. सोफ्यावरून तो विकत घेताना कुणाचं ऐकलं नव्हतं ते आलं. सरांनी तिच्या भावाला परत पाठवलेलं घड्याळ आलं, त्या घड्याळाची वेळ चुकीची होती हा सरांचा बचाव आला, आणि घड्याळाची वेळ जुळवून घेता येते हे ज्याला कळत नाही त्याने भौतिकशास्त्र शिकवलं कसं, हा सवालही आला. सर उत्तरं देत होते. उत्तर देताना त्यांची एक लकब होती. छत्तीस वर्षं वर्गात त्यांनी तीच वापरली होती. कोपर अंगाला, मूठ कानापर्यंत वर, आणि प्रत्येक शब्दाला ती मूठ खाली, जणू शब्द टेबलावर आपटून फोडायचाय. कानापर्यंत हात अजून व्यवस्थित जात होता.

पत्नीने शेवटी गॅलरीचं दार लावून घेतलं, तेव्हा लॅपटॉपमधून एक छोटीशी तुतारी वाजली. पडद्यावर लिहिलं होतं, तीनशे पूर्ण.

सर मटकन खुर्चीत बसले. लाल बटण दाबायचं राहून गेलं होतं. हे पुसून पुन्हा पहिल्यापासून मारायचे तर खांदा नव्हता, आणि खांदा नाही हे सांगायचं तर तोंड नव्हतं. अशा वेळी शिकलेला माणूस जे करतो तेच सरांनी केलं. त्यांनी शास्त्राचा आधार घेतला. नमुने भरपूर असले की त्यांतल्या चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात, असं ते मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. तेव्हा ते खरं असेलच. त्यांनी तीनशे नमुने लेकीला पाठवून दिले.

"सांगितलंत तिला?" संध्याकाळी पत्नीने विचारलं.

सरांनी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, ते सुलटं केलं.

शुक्रवारी लेकीने त्यांना कौतुकाने ऑफिसात नेलं. नमुने मशीनला शिकवण्यातच पोरांची आदली रात्र गेली होती, खेळून बघायला कुणाला सवड झाली नव्हती. एकच लांबट खोली. जमिनीवर वायरींना चिकटपट्ट्या मारलेल्या, भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर अकरा महिन्यांची गिचमीड, आणि समोर दारापेक्षा रुंद टीव्ही. सरांना कोपऱ्यातली चाकांची खुर्ची मिळाली. तपासनीस बारीक अंगाचा, अतिशय अदबशीर माणूस होता. त्याने कोट काढून घडी घातली, कंट्रोलर घेतला आणि मोठा सुरेख स्मॅश मारला.

टीव्हीतला खेळाडू विजेच्या खांबासारखा उभा राहिला. शटल त्याच्या पायाशी पडलं.

तपासनीसाने पुन्हा मारला. पुन्हा मारला. दाढीवाला इंजिनियर, ज्याच्याकडे या सगळ्या नमुन्यांचं काम होतं, त्याचा चेहरा पडला. बॅटरी उतरली असेल, असं पुटपुटत तो नव्या बॅटऱ्या आणायला जिना उतरून गेला. लेकीने कंट्रोलर स्वतःच्या हाती घेतला. तिच्या हातूनही तेच. स्कोअर शून्य-चौदा झाला. तपासनीस फाइलमध्ये काहीतरी लिहू लागला, आणि उरलेली चार माणसं त्याच्या पेनाकडे अशी बघत राहिली, की सरांना खुर्चीत बसवेना.

ते उठले. मला जरा बोलायचंय, म्हणाले. आत्ता नाही, लेक म्हणाली. ते पुन्हा म्हणाले. तीही पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा मात्र सरांचा पारा चढला. या घरात माझं कुणी ऐकूनच घेत नाही, असं ते ओरडले. (ते घर नव्हतं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.)

लेक गर्रकन वळली. "बाबा, तुम्ही एक मिनिट, फक्त एक मिनिट, गप्प बसाल का?"

तिचंही कोपर अंगाला, मूठ कानापर्यंत, आणि दर शब्दाला खाली. टीव्हीवर स्मॅश. पाठोपाठ दुसरा. तिसरा. टीव्हीतले प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले. खोलीतलं कुणी हललंही नाही.

"हे कसं केलंत?" तपासनीसाने विचारलं.

"ते माझे आहेत," सर लेकीला म्हणाले. आवाज एवढा बारीक, की त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "म्हणजे स्मॅश नाहीत. तुझ्या आईशी झालेलं भांडण आहे. लाल बटण दाबायचं राहिलं."

"आणि तुम्ही ते पाठवलंत?"

"खांदा वर जात नाही माझा. चार महिने झाले."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलंस म्हणून तर चिडलो."

त्यानंतर लेक जे बोलली ते सरांनी मान खाली घालून ऐकलं. बापाच्या ताठ्यापायी सहा माणसांच्या पोटावर पाय येत होता, हे तिने वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. तिच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या एका निकालापर्यंत ती मागे गेली, आणि त्या प्रत्येक मुद्द्यात तथ्य होतं. कंट्रोलरचा पट्टा तिच्या मनगटाला होता. तिचं बोलून संपलं तेव्हा स्कोअर चौदा-चौदा झाला होता.

तपासनीसाने घसा खाकरला. मी एकदा बघू का, म्हणाला. त्याने कंट्रोलर घेतला आणि जरा लाजून विचारलं, की कुणावर रागवायचं. कुणावरही, असं लेक फणकारली. त्याने क्षणभर विचार केला. मग त्या अदबशीर माणसाने त्याच्या मुख्य कचेरीतल्या कुण्या साहेबाला उद्देशून जे सुरू केलं ते एकवीस गुण होईपर्यंत थांबवलं नाही. शेवटच्या गुणाला त्याच्या गालांवर चांगला तांबूस रंग चढला होता. त्याने रुमालाने कपाळ पुसलं, फाइलमधलं आधीचं खोडलं, आणि नवं लिहिताना मोठ्याने वाचलं. न शिकवता जमतं का? जमतं. हालचाल नैसर्गिक आहे का? इथे तो जरा थांबला. मग त्याने लिहिलं, अत्यंत. खाली सही केली आणि कोट चढवला.

चौघं जण एकमेकांच्या गळ्यात पडले. लेक मात्र सरांशी बोलली नाही. ती फळ्यापाशी उभी राहून उगाचच फळा पुसत होती, आणि तिची पाठ अजून रागावलेली होती. सर आपल्या खुर्चीत परत बसले. अपमान पुरेसा झाला होता. पण मनाच्या कोपऱ्यात त्यांना एक गोष्ट धीर देत होती. त्या तीनशेंत एक्केचाळीस तरी खरे होते. देखणे, शास्त्रशुद्ध, एका ढाल जिंकलेल्या माणसाचे. ते त्या मशीनमध्ये कुठेतरी असणारच.

एवढ्यात दाढीवाला धापा टाकत बॅटऱ्या घेऊन वर आला. गेम पास झाल्याचं ऐकून त्याने सरांचा हात, नेमका उजवाच, दोन्ही हातांत धरून हलवला.

"सर, इतका स्वच्छ डेटा मी आजवर बघितला नव्हता. सगळे नमुने एकसारखे. फक्त सुरुवातीचे एक्केचाळीस तेवढे कशाशीच जुळेनात. मशीनने चूक समजून आपोआप काढून टाकले."

"चूक?" सर म्हणाले.

"होतं असं. काळजी करू नका. तेव्हा कंट्रोलर टेबलावरून खाली पडला असेल."

फळ्यापाशी लेकीचा हात थांबला होता. तिने वळून बापाकडे पाहिलं. सरांनी आपला हात सोडवून घेतला आणि खांदा सावकाश चोळला.

"हो," ते म्हणाले. "सारखा पडत होता."