मेव्हण्याचं माइने

माणूस काय आणि खोकं काय, दोन्ही मला बाहेरूनच कळतात! खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचा अधिकारी आहे मी. खोक्यावर 'काचेची भांडी' लिहिलेलं दिसलं की मी आधी आत घड्याळं शोधतो. आणि बंगाली? ती तर माझ्या खिशात आहे. बदली होऊन कलकत्त्याला आलो त्याच वर्षी मी मासेवाल्याशी कडाक्याचं भांडलो, तेही मासे न खाता! शाकाहारी माणसाने मासेवाल्याला त्याच्याच भाषेत हरवणं म्हणजे काय, ते इथे राहून पाहा.

[मासेवाला हरला नव्हता, हसत होता. हे लिखाण टपालात पडण्यापूर्वी माझ्या हातात येतं. जिथे खोटं दिसेल तिथे मी कंसात लिहीन. — शकुन, यांची पत्नी]

संशय

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. हाजरा रोडवर आमची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीला पंखा, मागच्या खोलीत स्टोव्ह. साहजिकच पुढची खोली माझी! मग मिरजेहून माझा मेव्हणा चारुदत्त आला, युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्राचं एम. ए. करायला. सासऱ्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "शिकतोय तोवर त्याला घरात कुठेतरी जागा द्या," म्हणाले. मी भरून येऊन म्हणालो, "कुठेतरी काय? पंख्याखालची खोली देतो!" स्थानिक पालक म्हणून युनिव्हर्सिटीच्या कागदांवर सह्यासुद्धा ठोकल्या.

त्या दिवसापासून तो पंख्याखाली अर्थशास्त्र वाचतोय आणि मी गॅलरीत डासांना जेवू घालतोय. गॅलरी इतकी अरुंद की कूस बदलायची तर आधी उठून उभं राहावं लागतं!

आणि एके दिवशी, सरस्वतीपूजेच्या सुमारास, जेवता जेवता चारुदत्त म्हणाला, "ताई, मी युनिव्हर्सिटी सोडली."

मी वरणाची वाटी खाली ठेवून दुःखी चेहरा केला. आत मात्र पूजेचे ढाक-ढोल वाजत होते! शिकतोय तोवर, असं ठरलं होतं ना? आता शिकत नाही! म्हणजे खोली...

"मग आता मिरजेला?" मी.

"बघू, दाजी."

"कधी बघू?"

"अहो, घास तरी गिळू द्या त्याला," शकुन म्हणाली. "होईल सगळं आपोआप."

आपोआप! आमच्या गोदीत आपोआप झालेल्या प्रत्येक गोष्टीवर पुढे खटला चाललेला आहे.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर हा युनिव्हर्सिटी सोडलेला मुलगा भांग पाडून, डबा घेऊन, नेहमीच्या वेळेला बाहेर पडला! संध्याकाळी परत. तिसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच. नंतरही तेच!

अधिक संशय

"कुठे जातोस रे रोज?"

"इकडेतिकडे, दाजी."

"इकडे, की तिकडे?"

"आधी इकडे. मग तिकडे."

सराईत गुन्हेगारही इतकं सफाईदार उत्तर देत नाही! मी त्याचा सदरा झटकला. खिशातून प्लॅटफॉर्म तिकीट पडलं. दुसऱ्या सदऱ्यातून दुसरं! प्रवासाचं तिकीट काढणारा माणूस कुठेतरी जातो. प्लॅटफॉर्मचं तिकीट काढणारा कुठेच जात नाही. मग करतो काय?

[सदरे मी धुवायला काढले होते. यांनी ते झटकून परत घडी करून ठेवले. त्याने ते तसेच घातले.]

मी किरकोळ रजा टाकली आणि त्याच्या मागावर निघालो. ट्राममध्ये तोंडापुढे बंगाली वृत्तपत्र धरलं. शेजारच्या गृहस्थांनी ते माझ्या हातातून अलगद घेतलं, सुलटं केलं आणि परत दिलं. माझी बंगाली बोलायची आहे, वाचायची नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

हावडा स्टेशन. मुंबईची गाडी लागली. माझा मेव्हणा डब्याडब्यापाशी कान टवकारून फिरतोय! एका डब्यातून काळ्या टोपीवाले गृहस्थ, त्यांची बायको आणि वळकटी उतरली. याने वळकटी उचलली! त्यांना टॅक्सीपर्यंत पोचवलं! आणि टोपीवाल्याने, माझ्या या डोळ्यांदेखत, त्याच्या हातात काहीतरी ठेवलं!

मी घरी येऊन चपला काढायच्या आधी जाहीर केलं, "शकुन, तुझा भाऊ कमावतो!"

"कमावतो? काय?"

"बहुतेक कुठल्यातरी लॉजचा दलाल आहे. कमावणाऱ्या माणसाने मेसमध्ये राहावं. पंख्याखाली नव्हे!"

"तुमचं काय हो, माझ्या आईने पाठवलेल्या लोणच्यातसुद्धा तुम्ही सोनं शोधता!"

"पुरावा आणतो," मी म्हणालो. "मग तर जाईल ना?"

"आणा," शकुन म्हणाली. कोपऱ्यात चारुदत्त शांतपणे रव्याचा लाडू खात होता. आमच्या घरात त्या आठवड्यात लाडू झाले नव्हते! मी ही नोंद मनात केली, पण लाडवावरून खटला उभा राहत नाही.

संशय नव्हे, खात्री!

एक तारीख. मी नुकताच पगार घेऊन टेबलाशी बसलोय, एवढ्यात फोन.

"आमि हालदार बोलछि, युनिव्हर्सिटी अफिश थेके," पलीकडून आवाज आला. "आपनार शालाबाबूर माइने बाकी. तीन माशेर! एकबार आशून..."

लाइन तुटली. तुटेना का! जे ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

शालाबाबू म्हणजे मेव्हणा, हे कळायला बंगाली यावी लागत नाही. आणि माइने म्हणजे पगार! हा शब्द मला कुणी शिकवावा? आमच्या गोदीत एक तारखेला जो तो दुसऱ्याला एवढंच विचारतो, "माइने पेलेन?" मिळाला का पगार? मी बंगालीत शिकलेला पहिला शब्द तो. मासे नंतरचे.

सगळं लख्ख दिसलं. पठ्ठ्याने युनिव्हर्सिटी सोडली ती विद्यार्थी म्हणून! आणि दुसऱ्या दाराने तिथेच कारकून म्हणून शिरला! तीन महिने नोकरी! शिवाय दुपारी हावड्याला वळकट्या! दोन-दोन पगारांचा मालक माझ्या पंख्याखाली झोपतो आणि मी गॅलरीत!

आता माझ्यासमोर त्याचा पगार निघू दे. तो शकुनच्या हातात ठेवतो. संध्याकाळी खोली माझी!

युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात
(हा भाग नाटकासारखा लिहितो. कथेसारखा लिहायला गेलं की मी मध्येच भांडायला लागतो.)

हालदारबाबू: (गोल, प्रेमळ, तोंडात पान) आपनि गार्जियान? बांचालेन, मोशाय! तुम्ही आलात ते बरं झालं. छेले तो आशे ना?

(म्हणजे, मुलगा येत नाही ना? मी ताबडतोब सावध. गैरहजेरी दाखवून पगार कापायचा डाव!)

मी: आशे! रोज आशे! डबा घेऊन आशे!

हालदारबाबू: (चकित) रोज? पण हजेरीत कुठे दिसत नाही.

मी: हजेरी घेणाऱ्याचे डोळे तपासा! मी स्वतः त्याला घरातून निघताना पाहतो. एक खाडा नाही!

(हावड्याचं मी गिळून टाकलं. पगाराच्या वेळी असल्या गोष्टी काढायच्या नसतात.)

हालदारबाबू: (इकडेतिकडे बघून, हळूच) भेबे बोलून, दादा. विचार करून बोला. ना आशले माइने लागे ना.

मी: तेच तर! जो येत नाही त्याला कसलं माइने? म्हणूनच सांगतो, रोज आला!

हालदारबाबू: मी म्हणतो, नामटा केटे दिई? नाव कापून टाकतो. सगळं मिटेल.

मी: नाव कापाल? तीन महिने राबवून घेतलंत आणि आता नाव कापता? वरपर्यंत जाईन! पूर्ण माइने! आणि आजच्या आज!

(हालदारबाबूंच्या डोळ्यांत पाणी.)

हालदारबाबू: ओ घोषदा! ओ मुखर्जी! इकडे या! या साहेबांना पाहून घ्या!

(घोषदा पाहतात. मुखर्जी पाहतात. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची पुसतं. चहा येतो. मला वाटतं, कस्टम्सचा वचक!)

हालदारबाबूंनी एक इंग्रजी कागद पुढे केला. कागद मी नेहमी वाचतो. लिहिलं होतं: विद्यार्थी नियमित येत असल्याचं स्थानिक पालक प्रमाणित करतात, तीन महिन्यांची सर्व बाकी आज क्लियर व्हावी. क्लियर! तो तर माझ्याच खात्यातला शब्द. 'विद्यार्थी' ही टंकलेखकाची चूक समजून मी उदारपणे माफ केली आणि झोकदार सही केली.

"दिन," हालदारबाबू म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

"दिन आजचाच!" मी म्हणालो आणि मीही हात पुढे केला.

"हां हां, आज. दिन!"

"आज! द्या!"

(रिकामा भाग)

काउंटरवर दोन हात एकमेकांसमोर पसरलेले होते. दोन्ही रिकामे. ते तसे किती वेळ राहिले याचं वर्णन इथे होतं. फाडलं.

[यांनी फाडलं. चांगलं होतं.]

खुलासा

"माइने माने?" शेवटी मी विचारलं.

"माइने माने फी!" हालदारबाबू म्हणाले. "मास्तरमोशाय घेतात, ते माइने. छात्र देतो, तेही माइने! आणि दिन माने द्या!"

पाहा! येणं आणि देणं, दोघांना एकच शब्द! असल्या भाषेत हे लोक हिशेब तरी कसा ठेवतात?

"पण त्याने युनिव्हर्सिटी सोडलीय!" मी ओरडलो.

"लिहून दिलंय?"

"जेवताना बोलला!"

"जेवताना," हालदारबाबूंनी मान हलवली. "लिहून दिलं नाही तोवर नाव आहे. नाव आहे तोवर माइने आहे. तीन महिने मुलगा आला नाही आणि फीही आली नाही, तर आम्ही नाव कापतो, बाकी सोडून देतो. आज कापणारच होतो. तुम्हाला तेच विचारायला फोन केला होता."

"मग कापा! तो येत नाही! हावड्याला जातो! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

हालदारबाबूंनी माझ्या ओल्या सहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. घोषदांनी पाहिलं. मुखर्जींनी चहाचा रिकामा कप उचलून नेला.

"आपनि कास्टम्सेर अफिशार," हालदारबाबू दुखावल्या स्वरात म्हणाले. "आपनि मिथ्ये लिखबेन?"

खोटं लिहिलं म्हणावं तर नोकरी जाते. खरं लिहिलं म्हणावं तर पगार जातो. मी पाकीट काढलं. माझ्या माइनेतून त्याचं माइने!

घरी

दारातच चारुदत्तची ट्रंक. दोरीने बांधलेली! शकुन डोळे पुशीत पराठे बांधत होती आणि चारुदत्त पहिल्यांदाच खुशीत शीळ घालत होता.

"दाजी! आज नाव कापणार माझं! उद्याच्या गाडीने मिरजेला!"

मी ट्रंकेवरच बसलो. "अरे, जायचं होतं तर लेखी का नाही दिलंस?"

"बाबांनी बजावलं होतं ना. 'आपणहून सोडलंस तर उंबरा ओलांडू नकोस. त्यांनी काढलं तर माझा इलाज नाही.' म्हणून त्यांनी काढायची वाट बघत होतो."

"मी सांगत होते की नाही, आपोआप होईल?" शकुन म्हणाली.

"आणि मला का नाही सांगितलंत?"

पराठ्यांची गाठ आवळत शकुन म्हणाली, "तुम्ही चौकशी केली असती."

"आणि हावडा? वळकट्या?"

"मराठी ऐकायला जायचो, दाजी," चारुदत्त खाली बघत म्हणाला. "मुंबईच्या गाडीतून कुणीतरी उतरतंच. सामान उचललं की दोन शब्द बोलतात. एकांनी तर लाडू दिला."

"मराठी ऐकायला? मग घरात आम्ही काय बोलतो?"

"ताई स्वयंपाकात असते. आणि तुम्ही नुसते प्रश्न विचारता."

मी उठलो आणि पावती काढून ट्रंकेवर ठेवली. त्याने ती वाचली. पुन्हा वाचली.

"दाजी, ही पूर्ण भरल्याची आहे."

"हो."

"म्हणजे नाव?"

"आहे. हजेरीसकट."

"तुम्ही त्यांना सांगितलंत तरी काय?" शकुनने विचारलं.

"रोज येतो म्हणून."

चारुदत्तने ट्रंकेची दोरी सोडली. सदरे एकेक करून पुढच्या खोलीतल्या खुंटीवर परत गेले. पराठे आम्ही त्या रात्री जेवणात खाल्ले. कुणीच कुणाला वाढलं नाही. ज्याने त्याने घेतले.

[पराठे यांनीच जास्त खाल्ले.]

शकुनने माहेरी खरं ते कळवलं, फक्त थोडक्यात: चारूचं नाव जाणार होतं, यांनी पदरचं भरून राखलं. सासऱ्यांचं उत्तर परतीच्या टपालाने आलं. "तुम्ही जावई नव्हे, माझे थोरले चिरंजीव आहात. तुमच्याइतकी काळजी मीही घेतली नसती. तेव्हा धाकट्या मनोहरलाही कॉलेजसाठी जूनमध्ये तुमच्याकडेच पाठवीत आहे. त्याचा काही त्रास नाही. फक्त तबल्याचा रियाज करतो. पहाटे. मोकळ्या हवेत बसूनच करावा, असं त्याच्या गुरुजींचं सांगणं आहे. घराला गॅलरी असल्याचं शकुनने कळवलंच होतं."