ओरखडे पुसताना

"एकही ओरखडा राहणार नाही!" भर बैठकीत टेबलावर मूठ आपटून मी सांगितलं. मूठ चांगलीच लागली, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मी चित्रपटांच्या संग्रहालयात जुन्या फिती साफ करतो. बावीस वर्षं पांढरे हातमोजे घालून हेच करतोय, त्यामुळे पाहुणे मला सर्कशीतला जादूगार समजतात. तर आमच्या तळघरात एक नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वीचा मूकपट सापडला. शिडांची जहाजं, समुद्री चाचे, तलवारी, वादळ! पण फितीवर इतके ओरखडे, की नायक समुद्रात नाही, गवतात पोहतोय असं वाटायचं.

"आजच्या प्रेक्षकाला काचेसारखा लख्ख दिसला पाहिजे," साहेब म्हणाले. "दोन महिन्यांत!"

हाताने करायचं तर दोन वर्षं लागली असती. मग संगणकाला कामाला लावलं. त्याला सांगितलं, बारीक रेघ दिसली की पूस, बारीक ठिपका दिसला की पूस. बास!

"अहो, पण झाल्यावर एकदा बघणार ना?" बायकोने विचारलं.

"यंत्राला चूक माहीत नसते!"

"तुम्हालाही नव्हती, लग्न होईपर्यंत."

मी पहिली पाच मिनिटं बघितली. नायिकेचा चेहरा असा चकाकत होता, की त्यात बघून दाढी करावी! पुढचं बघितलं नाही, कारण मला स्वतःचं भाषण लिहायचं होतं.

खेळाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पडद्याखाली पियानोवाला बसला. मी भाषण ठोकलं, दिवे गेले, चित्रपट सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला द्वंद्वयुद्ध आलं. नायकाने म्यानातून सर्रकन उपसलं... काहीच नाही! खलनायकानेही काहीच नाही उपसलं. मग दोघं नुसतेच मनगटं फिरवत एकमेकांच्या अंगावरच्या माश्या हाकलू लागले. तलवारी म्हणजे बारीक रेघा. यंत्राने इमानेइतबारे पुसल्या होत्या! शेवटी खलनायक छाती धरून कोसळला.

"हा कशाने मेला?" मागून कोणीतरी विचारलं.

"लाजेने!" दुसऱ्याने सांगितलं.

पुढे नायक दोरीला लटकून एका जहाजावरून दुसऱ्यावर जातो. दोरी गायब! गडी दोन्ही हात वर करून हवेतून तरंगत गेला. पियानोवाल्याने क्षणभर वाजवणं थांबवलं आणि मग त्या बदमाशाने अंगाईगीत सुरू केलं. चाच्यांच्या सरदाराची पातळ मिशी तर आत्ता आहे, आत्ता नाही! लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते.

साहेब माझ्या कानाशी आले. "हे मुळात असंच आहे ना हो?"

"अगदी! दिग्दर्शक काळाच्या फार पुढे होता," मी म्हणालो.

पुढच्या रांगेतल्या समीक्षकाने ते ऐकलं आणि लिहून घेतलं! दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'अदृश्य शस्त्रांतून युद्धाच्या निरर्थकतेवर जळजळीत भाष्य.' म्हणजे मी सुटलोच होतो!

पण आदल्या दिवशी खेळ सुटल्यावर सभागृहाच्या दारात ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी माझी बाही धरली होती. मागे मुलं, सुना, नातवंडं, असे अकरा जण.

"माझे बाबा कुठायत?"

"कोण बाबा, आजी?"

"डोलकाठीच्या टोकावरून टेहळणी करतात ते! अख्खं जहाज त्यांच्या इशाऱ्यावर चालायचं. ते स्वतः सांगायचे. मी हे आजवर कधी बघितलं नव्हतं हो. सगळ्यांना मुद्दाम घेऊन आले."

मी तसाच तळघरात धावलो. मूळ फीत काढून बघितली. डोलकाठीच्या टोकावर खरंच एक ठिपका होता. यंत्राने आजींच्या बाबांना धूळ समजून झटकून टाकलं होतं! तलवारींचं मला हसू आलं होतं. याचं नाही आलं.

साहेबांपुढे सगळं कबूल केलं. ते दचकून म्हणाले, "पेपरात एवढं कौतुक आलंय! खबरदार तलवारी परत आणाल तर!"

"तलवारी नाही साहेब, एक माणूस आणतो."

तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत बसून तेवढा एक प्रसंग मी हाताने साफ केला. एकेक चित्र! आजींना सहकुटुंब बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं आणि तो ठिपका पहिल्यांदाच मोठा करून पडद्यावर दाखवला.

खाली चाचे शिडांवर चढतायत. कप्तान बोंबलतोय. तोफा धडाडतायत. आणि वर आजींचे बाबा डोलकाठीला मिठी मारून, मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेत!

अकराही माना आजींकडे वळल्या.

"आजी," धाकटी नात म्हणाली, "पणजोबा घोरतायत!"

आजींनी चष्मा पुसला. प्रसंग शेवटपर्यंत बघितला. मग मला खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या,

"पुसलं होतंत तेच बरं होतं हो!"