वारलूभाऊचं रॉकेल

आमच्या गावात कंट्रोलचं रॉकेल दोन कामांना लागायचं. एक, कंदिलाला आणि दुसरं, चंद्राबाईच्या तोंडाला. दुसरं काम एकटा वारलूभाऊ करायचा.

रोज सकाळी जाळं खांद्यावर टाकून, एका हातात रॉकेलची बाटली आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन तो तलावाच्या पाळीवर निघे. तिथे त्याच्या बहिणीचा, चंद्राबाईचा, कोरीव दगड उभा होता. कुणीतरी त्याला शेंदूर फासलेला असे. वारलूभाऊ तो घासून काढी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनावी, "देव नाई बाप्पा, माही बाई आहे!" आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याच्या घराला लागून. त्यामुळे त्याच्या बायकोचं रडगाणं मला फुकट ऐकायला मिळे. "लोकं रॉकेल कंदिलात घालतेत, आमचा माणूस गोट्याले पाजते!"

चंद्राबाईला घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं होतं. मिसरूड फुटायच्या वयात तिने लुगडं नेसलं, ते शेवटपर्यंत. तिचं काय करावं हे गावाला कधी कळलंच नाही. घरात बाळ आलं की आशीर्वादाला तिला बोलवायचे, आणि ती रागावली तर शाप लागेल म्हणून घाबरायचे. पंगतीत मात्र तिच्या एका अंगाला वारलूभाऊ बसायचा आणि दुसऱ्या अंगाची पत्रावळ रिकामी राहायची.

ती गेल्यावर त्याने मूल गावच्या कारागिराकडून दगड कोरून आणला. सरपंच म्हणाले, "घरामागं लाव ना वारलू. पाळीवर काऊन? गावात मोठ्या माणसायचे पुतळे राह्यतेत."

"मंग माही बाई काय लहान होती? दारातून वाकून या लागे तिले!"

सरपंचांनी हसता हसता होकार दिला.

दगडाशेजारी त्याने सिमेंटचा ओटा बांधला, तीन-चार माणसं ऐसपैस बसतील असा. पण झालं भलतंच. कौसाबाईने एक दिवस दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि मग सगळं गावच लागलं. ही कौसाबाई चंद्राबाईच्या बरोबरीची. धानाच्या रोवणीला दोघी शेताच्या एकाच बांधीत गाणी म्हणायच्या, पण पंगतीत तीही लांबच बसायची. आता देवीशेजारी बूड टेकवायची कुणाची हिंमत? ओटा ओसाड पडला. नारळ तेवढे वारलूभाऊ घरी न्यायचा. "बाईले खोबऱ्याची चटणी लय आवडे," असं म्हणत स्वतःच खायचा.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, राहू दे ना देवी. लोकं हात तं जोडून राह्यले."

तो फडकं पिळत म्हणाला, "हात जोडतेत अन् चालले जातेत. जित्तेपणी बी तसंच केलं. बाजूले कोणी बसत नाई ना."

एरवी त्याची टिंगल करायला मी एका पायावर तयार असायचो. त्या दिवशी मी त्याच्या बाटलीला बूच लावून दिलं.

मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, पंक्चर बघायला पाणी हवं म्हणून मी बादली घेऊन तलावावर गेलो होतो. कौसाबाई धुण्याचं गाठोडं घेऊन पाळ चढत होती. सकाळीच सुनेशी तिचं कडाक्याचं वाजलं होतं, आख्ख्या गावाने ऐकलं होतं. गुडघे धरत ती वर आली. ओट्याकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि बसली. चांगली ऐसपैस जागा होती, तरी तिने दगडाला कोपराने ढोसलं.

"सरक वं चंद्रे. आइक, आज काय झालं तं..."

वारलूभाऊ काठावर जाळं सांधत होता. त्याचा हात थांबला. कौसाबाई सुनेचा उद्धार करत राहिली आणि तो खाली मान घालून ऐकत राहिला. पुढे ती रोजच बसू लागली. तिचं बघून आणखी दोघी-तिघी बसायला लागल्या.

एका संध्याकाळी वारलूभाऊ दुकानात आला आणि रॉकेलची बाटली माझ्यापुढे ठेवली.

"घे. सायकलीच्या चेनी धुवाले होईल तुले."

"अन् शेंदूर?"

"आता कोणी लावत नाई. कौसाबाईनं दम देल्ला सगळ्यायले. टेकून बसलं का तिच्या लुगड्याले लागते म्हणे."

एवढं बोलून तो हसायला लागला, आणि हसता हसता माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून रडला.