पान दोनवरची टिक

वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मचं काम ओमेशकडे आलं, त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे समाजात कॉम्प्युटरचा कोर्स पुरा करून वर त्याचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये घालून भिंतीला लावणारा तो एकटाच होता. आणि दुसरं, तेहतीस वर्षांचा होऊनही त्याचं स्वतःचं लग्न व्हायचं होतं, तेव्हा हे काम तो जीव ओतून करील याबद्दल समितीत कोणालाच शंका नव्हती. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर ओमेश आठ एकर धान पिकवायचा. पाच वर्षांत तो अकरा मुली पाहून आला होता. अकराही घरी चहा चांगला मिळाला आणि चहानंतर एकच प्रश्न आला, "मुलगा कुठं असते?" त्यावर "शेतात" असं उत्तर गेलं, की कपबशा उचलल्या जात.

त्याची आई भागीरथाबाई मात्र हिंमत हरलेली नव्हती. तिनं समोरच्या खोलीला गुलाबी रंग देऊन घेतला होता आणि आरशाचं कपाटही आणून ठेवलं होतं. "सून आल्यावर धावपळ कायले?" असं ती म्हणायची. त्या कपाटात सध्या ओमेशच्या खताच्या पावत्या आणि एक छत्री होती.

फॉर्म ओमेशनं खरंच सुरेख केला. मुलींसाठी एक, मुलांसाठी एक. मोबाईलवर उघडायचा, बोटानं चौकटीला टेकवायचं, टिक उमटायची. प्रत्येक चौकटीला दोन नावं असतात, हे त्याला कोर्समध्ये शिकवलं होतं: एक बाहेरचं, जे माणसांना दिसतं, आणि एक आतलं, जे फक्त कॉम्प्युटरला कळतं. पहिल्या पानावरच्या सगळ्या चौकटींना त्यानं आठवणीनं वेगवेगळी आतली नावं दिली. तळाशी एक ठसठशीत चौकट टाकली: 'मी वरील सर्व माहिती वाचून व समजून भरली आहे.' ही टिक नसेल तर समिती फॉर्म घेणार नव्हती. न वाचता सही करणाऱ्या माणसांचा ओमेशला फार राग होता.

फॉर्म पाठवायच्या दिवशी समितीचे अध्यक्ष पुनारामकाका घरी आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पान पाहिलं आणि विचारलं, "अबे ओमेश, याच्यात शेती कुठं आहे?"

"काका, 'नोकरीवाला मुलगा चालेल' आहे ना. जिले शेतकरी पाहिजे ते टिक नाही करणार."

"आपल्या समाजाचे शंभरातले ऐंशी पोट्टे नांगरामागं आहेत. आन् फॉर्मात शेतीचं नावच नाही? टाक एक चौकट. आन् पोट्ट्यायच्या फॉर्मात घरजावयाचं टाक. ज्यायच्या घरी पोरगीच एक आहे, त्यायनं काय कराव?"

"आता दुसरं पान करा लागंल."

"मग कर ना! मी बसूनच राहिलो आहो."

काका समोर बसून राहिले म्हणजे माणूस घाई करतो. ओमेशनं मुलींच्या फॉर्मातली 'नोकरीवाला मुलगा चालेल' ही चौकट उचलली, दुसऱ्या पानावर चिकटवली आणि बाहेरचं नाव बदलून 'शेतकरी मुलगा चालेल' असं केलं. मुलांच्या फॉर्मात 'नोकरी करणारी मुलगी चालेल' उचलली, चिकटवली आणि 'घरजावई व्हायला तयार' असं लिहिलं. आतली नावं बदलायची राहिली. मग फॉर्म कसा भरायचा ते लोकांना कळावं म्हणून त्यानं स्वतःचाच फॉर्म भरला, पहिल्या पानावर उदार मनानं 'नोकरी करणारी मुलगी चालेल' वर टिक केली, तळाशी 'वाचून व समजून' वर टिक केली आणि 'नमुना' म्हणून ग्रुपवर टाकून दिला. आपणच केलेलं दुसरं पान पुन्हा काय बघायचं, असं त्याला वाटलं.

आठ दिवसांत मुलींचे त्रेसष्ट फॉर्म आले. ओमेशनं शेतीची टिक मोजली आणि त्याला घाम फुटला. त्रेसष्ट! त्यानं पुन्हा मोजलं. मग तो पुनारामकाकांकडे पळत गेला.

"त्रेसष्टच्या त्रेसष्ट, काका!"

"मी म्हनत नव्हतो?" काका म्हणाले. "कोनी विचारतच नव्हतं पोरीयले. विचारलं का सांगतेत."

बातमी तासाभरात तालुक्यात पसरली. ज्यांनी लग्नाची आशा सोडून दाढी वाढवली होती त्यांनी ती उतरवली. सडक अर्जुनीच्या हॉलमध्ये मेळावा भरला तेव्हा बाहेर हायवेच्या कडेला ट्रॅक्टरांची रांग लागली होती, आणि आत शेतकरी मुलं नव्या शर्टांच्या घड्यांसकट बसली होती. त्या वर्षी फवारणीच्या दिवसांतही एवढा उत्साह कोणी दाखवला नव्हता. ओमेशनंही शर्ट इस्त्री केला होता. बाराव्या चहानंतर कपबशा उचलल्या जाणार नाहीत, असं त्याला मनापासून वाटू लागलं होतं.

पुनारामकाकांनी माईक घेतला. "आपल्या समाजाच्या सगळ्याच्या सगळ्या पोरी शेतकऱ्याले हो म्हनून राहिल्या! बजावा टाळ्या!"

टाळ्या फक्त डाव्या बाजूनं आल्या. उजवीकडे मुलींचे बाप एकमेकांकडे पाहू लागले.

"कोन म्हनलं हो?" एक जण उठला. "माह्या पोरीनं तं नाही म्हनलं!"

"फॉर्मावर टिक आहे ना जी!"

"आमी टिक केलीच नाही!"

"मग काय भुतानं केली?"

गलका वाढला. त्यात गोंदियाच्या एका बँकेत नोकरी करणारी खुशबू सरळ स्टेजवर चढली आणि तिनं मोबाईल माईकजवळ धरला. मोबाईल माईकला दाखवून उपयोग नसतो, पण आवेशच तसा होता. "काका, इकडे बघा. मी पान एकवर 'नोकरीवाला' टिक करते. आता पान दोन. 'शेतकरी'वर आपोआप टिक. पहिली काढली की दुसरी गेली." तिनं ओमेशकडे वळून पाहिलं. "दोन्ही चौकटींचं आतलं नाव एकच ठेवलं आहे तुम्ही, दादा."

एवढ्या लोकांत तिनं त्याला दादा म्हटलं, म्हणजे तोही एक फॉर्म कमी झाला. डाव्या बाजूची मुलं हळूहळू उठली. बाहेर एकामागून एक ट्रॅक्टर सुरू झाल्याचे आवाज आत ऐकू येत होते.

त्या दिवशी ओमेशनं दुरुस्त केलेला फॉर्म माफीसकट पाठवला. मागच्या वेळी आठ दिवस लावणाऱ्या मुलींनी या वेळी संध्याकाळपर्यंत बासष्ट फॉर्म परत पाठवले. 'शेतकरी मुलगा चालेल'ची चौकट बासष्ट ठिकाणी कोरी होती. मशीनची चूक होती हे ओमेशला कळत होतं, तरी त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. चुकून का होईना, आठ दिवस सगळ्यांनी त्याला हो म्हटलं होतं.

"एक बाकी आहे," तो आईला म्हणाला. "आपल्या इकडच्या प्रतापगडच्या बाजूची. डिंपल म्हनून आहे. दोनदा फोन केला, उचलत नाही."

"जाऊन ये. माफी माग," भागीरथाबाई म्हणाली, आणि कपाटावरची धूळ पुसू लागली. "आन् टिक पाहून ये."

दुसऱ्या दिवशी तो पुनारामकाकांना मागे बसवून मोटरसायकलनं निघाला. डिंपलच्या घरी धानाची मळणी चालू होती. तोंडाला ओढणी बांधून ती स्वतः मशीनमध्ये पेंढ्या टाकत होती, आणि तिची आई कुंदाबाई पोती शिवत होती. बाप नव्हता, भाऊ नव्हता. मशीन बंद झालं, हातपाय धुऊन झाले, चहा आला. ओमेशनं घोट घेतला आणि सवयीनं पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली.

"तुमचं धान निघालं का?" डिंपलनं विचारलं.

ओमेशला ठसका लागला. "निघालं. म्हनजे अर्धं. ते जाऊ द्या. माफी मागाले आलो. तुमच्या फॉर्मावर शेतकऱ्याची टिक चुकीनं पडली. नवीन फॉर्म पाठवला होता—"

"पाहिला. पन मी कायले भरू? माझा पयलाच बरोबर होता."

"नाही, ते आतलं नाव एकच असल्यानं—"

"अहो, शेतकऱ्याची टिक मीच केली," डिंपल म्हणाली. "नोकरीवाल्याची कशी पडली, ते तुमी सांगा. ते तेवढी काढून टाका."

मशीनची चूक उलट्या दिशेनंही चालते, हे ओमेशच्या लक्षातच आलं नव्हतं. पुनारामकाका एकदम ताठ बसले.

"आमची सहा एकर आहे, तलावाखाली," कुंदाबाई म्हणाली. "पोरगी एकटी आहे. मी सगळ्या पोट्ट्यायले विचारत बसत नाही. पन तुमचा तो नमुना पाहिला आन् म्हनलं, असा पोरगा पाहिजे. आठ एकराचा धनी आन् सोताहून लिहून देऊन राहिला."

"काय लिहून दिलं?" ओमेशनं विचारलं.

डिंपलनं मोबाईल पुढे केला. पान दोन. 'घरजावई व्हायला तयार.' टिक.

ओमेशनं तोंड उघडलं. आतलं नाव, बाहेरचं नाव, कॉपी-पेस्ट, पुनारामकाकांची घाई, सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात डिंपलनं बोटानं पान वर सरकवलं आणि पहिल्या पानाच्या तळाशी आणून थांबवलं.

"खाली हेही आहे," ती म्हणाली. "वाचून व समजून. हे टिक तं तुमचीच ना?"

ओमेशनं अंगणातल्या धानाच्या राशीकडे पाहिलं, मग डिंपलकडे पाहिलं. तिच्या केसांत तणसाच्या काड्या अडकल्या होत्या. कपबशा अजून कोणी उचलल्या नव्हत्या.

"माझीच," तो म्हणाला.

परत येताना कालव्याच्या पुलावर फोन वाजला. ओमेशनं गाडी बाजूला घेतली.

"काऊन रे, आली का टिक?" भागीरथाबाईनं विचारलं.

"आली ना, माय. दोन आल्या."

"बाप्पा! दुसरी कोनाची?"

"माझी," ओमेश म्हणाला. "माय, ते आरशाचं कपाट टेम्पोत मावते का?"