पन्हा कमी पडलेला सिनेमा

आमच्या लालबागच्या चाळीतले भिकाजीकाका सिनेमा बघत नसत, तपासत. टीव्हीपासून वीतभर अंतरावर स्टूल टाकायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, आणि पडद्यावर खून पडला तरी यांचं लक्ष रक्ताचा रंग एकसारखा लागलाय की नाही याकडे. मग निकाल: "ह्यो माल पास होवचो नाय!"

उभा जन्म गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेला. संपानंतर गिरणी सुरू झाली ती यांना बाहेर ठेवून. हातचं कापड सुटलं, पण खोट काढायची खोड सुटेना. तिच्या तावडीत आमच्या घरातल्या सीडी सापडल्या.

रहस्यपटांवर तर विशेष दात. खुनी कोण ते पहिल्या पाच मिनिटांत जाहीर. "डॉक्टरान मारल्यान. ता सोड, आवाज बघ कसो ओठांच्या मागे पडता!" आई चिडून मोरीत भांडी आपटायला लागायची.

एका सिनेमाच्या सीडीची मात्र त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. खुनी गिरणीच्या साचेखात्यात लपतो, असा प्रसंग त्यात होता आणि त्याचं शूटिंग संपाच्या थोडं आधी काकांच्याच खात्यात झालं होतं. तेवढ्यासाठी ते अकरा वेळा थेटरात गेले होते. सीडी निघाल्याचं कळताच मी आणली. कव्हरवर ठळक अक्षरांत 'संपूर्ण चित्रपट'.

साचेखातं आलं. काका ताडकन उठले, टीव्हीच्या उजव्या अंगाला गेले आणि पेटीच्या कडेमागे डोकावले. चक्क डोकावले! आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

"चल दुकानात."

दुकानदार गळ्याची शपथ घेत होता. "काका, एक मिनिटपण कापलेलं नाय. टायमिंग बघा ना!"

"लांबी कोण विचारता? पन्हो खाल्लात तुम्ही! दोन्ही बाजूंनी!"

खरंच होतं. थेटरातलं रुंद चित्र टीव्हीच्या चौकटीत बसवायला कंपनीने खुशाल कडा छाटल्या होत्या. दुकानदाराने बदली दुसरा रहस्यपट देऊ केला, वर गाण्यांची सीडी फुकट. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दोन्ही आपणहून मागे घेतल्या.

घरी येऊन मला कंपनीला पत्र लिहायला बसवलं. "लिही. उजव्या अंगाचो शेवटचो साचो परत देवा."

"काका, एका साच्यासाठी?"

"थंय यशवंत आसा."

यशवंत त्यांच्या शेजारच्या साच्यावरचा जोडीदार. खात्यात आवाज इतका, की ही माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलत. शूटिंगच्या दिवशी काका कॅमेऱ्यामागे उभे होते. पुढे नट धापा टाकतोय आणि कडेला यशवंत साचा चालवता चालवता काकांकडे बघून ओठ हलवतोय.

"काय म्हणतो?"

"'जेवलंस रे?'" काकांचा चढलेला आवाज एकदम खाली आला. "संपात गावाक गेलो तो थंयच वारलो. मी थेटरात गेलंय की तो विचारी. मी मोठ्यान सांगी, 'जेवलंय रे!' लोक शिव्या घालीत."

मग पंच्याच्या टोकाने डोळे पुसत म्हणाले, "ह्या काय पत्रात लिहू नको. हसतले."

मला भयंकर राग आला होता. त्यांचं ऐकायचं सोडून मी पहिल्याच ओळीत लिहिलं: महाशय, तुम्ही आमचा यशवंत कापून टाकलात.